घरच्या लेथ-ड्रिलसाठी स्वस्त कटिंग ऑइल : कोकणात निवडायचं कसं, वापरायचं कसं

मिनी लेथ किंवा ड्रिल मशीन घरी आलं की पहिला फोन हमखास येतो, "कुठलं कूलंट (कापताना सोडायचं तेल किंवा तेल-पाणी) घेऊ? पाच लिटर पुरेल ना?" दुसरा फोन पावसाळ्यात येतो, "लेथच्या बेडवर तांबेरा आलाय, टेलस्टॉक सरकत नाही आणि टाकीला घाण वास मारतोय." या दोन फोनांच्या मध्ये जे चुकतं ते इथे क्रमाने लिहितो. क्रम सोडू नका. कॅन विकत घेणं ही तिसरी पायरी आहे, पहिली नव्हे.

कारखान्यातलं मशीन दिवसभर चालतं, त्यामुळे तिथे कापताना काय होतं हे बघून कूलंट ठरतं. आपलं मशीन आठवड्यातून चार तास चालतं. उरलेले १६४ तास ते पडवीत नुसतं उभं असतं, तेही खाऱ्या वाऱ्यात. म्हणून आपण कूलंट ठरवायचं ते या १६४ तासांकडे बघून.

## १. आधी कामाची यादी करा

कागद घ्या. पुढच्या सहा महिन्यांत कुठल्या धातूवर काय काम करणार ते लिहा. गेटचे बिजागर, पंपाचा शाफ्ट, बोटीच्या इंजिनाचा बुश, जे असेल ते.

कटिंग फ्लुइडची कामं मुख्यतः दोन : घासणं कमी करणं आणि उष्णता काढून नेणं. पाणी उष्णता भराभर ओढून घेतं, पण वंगण म्हणून अगदीच कुचकामी. तेलाचं बरोबर उलट. त्यामुळे हळू चालणाऱ्या पण जोर लागणाऱ्या कामांना, म्हणजे टॅप-डाय (आटे पाडणं), रीमर (भोक मापात आणणं), पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणं) यांना शुद्ध, म्हणजे पाणी न मिसळता वापरायचं तेल हवं. वेगाने चालणाऱ्या, सतत तापणाऱ्या कामांना, म्हणजे पॉवर हॅक्सॉ, मोठं ड्रिल, लांब टर्निंग यांना पाण्यात मिसळायचं सोल्युबल ऑइल.

आता धातू. बीड (कास्ट आयर्न) कोरडंच कापा. त्यात ग्रॅफाइट असतं, ते स्वतःच वंगणाचं काम करतं. तेल घातलंत तर बिडाचा काळा भुगा त्यात मिसळून घासायची पेस्ट तयार होते आणि ती थेट स्लाइडखाली, म्हणजे मशीनच्या सरकत्या भागांखाली जाते. पितळही बहुतेक वेळा कोरडंच. एमएसला (साधं पोलाद) टर्निंग आणि ड्रिलिंगसाठी सोल्युबल, आटे पाडायला शुद्ध तेल. एसएसला (स्टेनलेस स्टील) गंधकयुक्त शुद्ध कटिंग ऑइलच लागतं, तिथे काटकसर केली की टॅप आत तुटतो आणि तो काढायचा खर्च तेलाच्या कॅनपेक्षा जास्त येतो. अ‍ॅल्युमिनियम टूलच्या टोकाला चिकटतं, त्याला पातळ काहीतरी हवं : रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर डब्ल्यूडी-४०. तांब्याला साधं खनिज तेल चालतं, पण गंधकाचं तेल नको, तांबं आणि पितळ दोन्ही त्याने काळी पडतात. तुमच्या लेथला पितळी बुश असतील तर हे मशीनलाही लागू आहे.

सावधान : रॉकेलची वाफ ३५ ते ४० अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी होते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी एवढं तापमान सहज असतं. रॉकेल वापरायचं तर ब्रशने, चमचाभर, आणि शेजारी ग्राइंडर चालू नको.

तपासणी : ड्रिल जळतंय म्हणून कूलंट शोधताय का? मग आधी आरपीएम बघा. १० मिलिमीटरचं साधं एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल एमएसमध्ये ८०० आरपीएमच्या आसपास चालवायचं, एसएसमध्ये ३५० च्या. घरी येणारी स्वस्त ड्रिल मशीनं बहुधा सगळ्यात वेगवान पुलीवर पट्टा लावून येतात आणि तो पट्टा कोणी बदलत नाही. त्या वेगाला कुठलंही तेल पुरं पडणार नाही.

## २. पाणी तपासा

सोल्युबल ऑइलच्या मिश्रणात एकवीसातले वीस भाग पाणीच असतं, तरी सगळे चौकशी करतात ती तेलाची. आपल्याकडे गंजाचं निम्मं कारण विहिरीत असतं.

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ असतं, साबणाला छान फेस येतो, ते चालतं. पण किनाऱ्यालगतच्या आणि खाडीकाठच्या विहिरी मार्च-एप्रिलपासून मचूळ व्हायला लागतात. मचूळ म्हणजे क्षार, क्षार म्हणजे क्लोराइड, आणि क्लोराइड असलं की तेल कितीही चांगलं असो, लोखंड गंजतं. चव घेऊन बघा. चहा बिघडवणारं पाणी मशीनला देऊ नका.

मग पाणी कुठलं? सगळ्यात स्वस्त आणि चांगलं म्हणजे पागोळ्यांचं. पण मृगाच्या पहिल्या सरींचं नव्हे, त्या कौलांवरची धूळ आणि उन्हाळाभर बसलेलं मीठ धुऊन आणतात. जुलैत, दोन-तीन आठवडे पाऊस लागून राहिल्यावर, स्वच्छ प्लास्टिकच्या कॅनमध्ये कपड्यातून गाळून भरा आणि झाकण लावून अंधारात ठेवा. दोन कॅन वर्षभर पुरतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चांगलं. आरओचं गाळलेलं पाणी चालतं, पण त्याच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारं अजिबात नको, सगळे क्षार त्यातच साठलेले असतात.

तपासणी : काचेच्या बरणीत तुमचं पाणी आणि थोडं तेल मिसळून २४ तास ठेवा. वर सायीसारखा किंवा फाटलेल्या दुधासारखा थर आला तर पाणी जड आहे, ते बदला. उलट पावसाचं पाणी इतकं मऊ असतं की पंप लावल्यावर फेस फार होतो. तसं झालं तर त्यात चौथा हिस्सा विहिरीचं गोडं पाणी घाला.

## ३. आता तेल घ्या, आणि थोडंच घ्या

माझ्या मते घरच्या मशीनला दोन बाटल्या लागतात : एक लिटर सोल्युबल आणि अर्धा लिटर शुद्ध कटिंग ऑइल. एक लिटर सोल्युबल वीस लिटर पाण्यात (१:२०) घातलं की २१ लिटर कूलंट होतं, म्हणजे किंमत बघायची ती तयार कूलंटच्या लिटरमागे. तशी बघितली की 'स्वस्त' म्हणून विकलेलं पातळ, बिनलेबलचं तेल बरेचदा महागच पडतं, कारण ते १:२० ला टिकत नाही आणि १:८ ला घालावं लागतं.

डब्यावर सोल्युबलसाठी आयएस १११५ आणि शुद्ध कटिंग ऑइलसाठी आयएस ३०६५ हा उल्लेख शोधा. सर्वोकट एस, एचपी कूलकट ४०, भारत शेरॉल बी ही सरकारी तेल कंपन्यांची सोल्युबल तेलं जुन्या वर्कशॉपांना ओळखीची आहेत. अडचण अशी की ती मोठ्या पॅकमध्ये येतात. मिरजोळे किंवा कुडाळच्या एमआयडीसीत ओळखीचं मशीन शॉप असेल तर त्यांच्या डब्यातून दोन लिटर विकत मागा. कोल्हापूरला कोणी जाणारं असेल तर शिरोलीच्या बाजूला असली दुकानं सापडतात. आणताना लेबलचा फोटो काढून आणायला सांगा. मी एकदा एका दुकानातून 'तेच आहे हो, फक्त डबा वेगळा' म्हणून दिलेलं तेल आणलं. पाण्यात घातल्यावर ते दुधाळ झालंच नाही, नुसतं वर तरंगत राहिलं. मशीन ऑइल होतं.

सिंथेटिक कूलंट सहसा लवकर कुजत नाही, पारदर्शक असतं, म्हणून लोक भुलतात. पण पाणी उडून गेल्यावर ते मागे तेलाचा थर ठेवत नाही, शिवाय स्लाइडवरचं वंगणही धुऊन नेतं. आपल्या १६४ तासांसाठी जुनं, भरपूर खनिज तेल असलेलं दुधाळ सोल्युबलच बरं.

घरात जे आहे त्यातलं काय चालतं?

खोबरेल तेल चालतं, आणि चांगलं चालतं. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, एमएसमध्ये छोटे आटे पाडायला मी तेच वापरतो. ते इतर खाद्यतेलांइतकं लवकर चिकट होत नाही. थंडीत सकाळी गोठतं, तेवढं सोडा. त्याहून मजेशीर चीज म्हणजे मुठेल. पायांच्या भेगांना लावायला कोकमाच्या बियांच्या तेलाचा जो पिवळट गोळा घरात असतो, तो. त्यात मेणासारखा घट्टपणा आहे, साधारण अंगाच्या तापमानापर्यंत वितळत नाही. बंद असलेल्या ड्रिलच्या खाचांत तो गोळा घासून भरायचा, मग भोक पाडायचं. टोक तापलं की मुठेल वितळून नेमकं धारेपाशी उतरतं आणि बाकी मशीन कोरडं राहतं. हॅक्सॉच्या पात्यालाही तसंच घासा. बाजारात याच कामासाठी मेणाच्या कांड्या बऱ्या किमतीला मिळतात.

काय चालत नाही? मासळीचं तेल आणि उंडीचं कडू तेल. लाकडी होडीला ते लावतात ते वाळून कडक थर धरावा म्हणून. स्लाइडवर तोच थर नको. शिवाय अशा तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेटू शकतो. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं तेल आठवड्यात चिकट होतं, घाईला चालेल, पण लगेच पुसा.

आणि काळं तेल. बंदरावर बोटींच्या इंजिनातलं जळकं ऑइल फुकट मिळतं, म्हणून अर्ध्या लोकांच्या लेथखाली त्याचाच डबा असतो. माझ्याही होता. मालवणचे एक जुने फिटरकाका एकदा घरी आले, डब्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, "तेल नाय ह्या, राख आसा." जळक्या तेलात काजळी, झिजलेल्या धातूची कणी आणि आम्ल असतं, शिवाय कातडीच्या कर्करोगाशी संबंध असलेली रसायनंही. कापून गरम झालेल्या जॉबवर त्याचा जो धूर होतो तो तुमच्याच नाकात जातो. फुकट असलं तरी नको.

सावधान : भांड्यांचा साबण पाण्यात घालून कूलंट करू नका, बऱ्याच लिक्विडांत घट्टपणासाठी मीठ असतं. धुण्याच्या सोड्याने लोखंड काही काळ वाचतं, पण अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं.

## ४. मिश्रण : पाण्यात तेल, तेलात पाणी नाही

आधी भांड्यात पाणी, मग त्यात बारीक धारेने तेल, ढवळत ढवळत. पाण्यात तेल गेलं की त्याचे सूक्ष्म थेंब होऊन ताकासारखं एकजीव मिश्रण होतं. उलट केलंत तर ताकाऐवजी लोणी मिळतं : घट्ट, तारा सुटणारा लगदा, जो नंतर कितीही पाणी घातलं तरी नीट सुटत नाही.

माप डोळ्यांनी घेऊ नका. 'दुधासारखं पांढरं झालं की झालं' हा समज चूक आहे, १:६० लाही ते पांढरंच दिसतं. मेडिकलमधून ५० मिलिलिटरची सिरिंज आणा. एक लिटर पाण्याला ५० मिलिलिटर तेल म्हणजे १:२०. इथून सुरुवात करा. एका वेळी लिटरभरच करा. माझ्याकडे बाटलीतलं मिश्रण दोन-तीन आठवडे नीट राहतं, नंतर वास धरतं.

सावधान : हे मिश्रण पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत भरू नका. हुबेहूब ताक दिसतं. घरात पोरं असतील तर स्प्रेच्या बाटलीतच भरा आणि मार्करने मोठ्या अक्षरात लिहा.

## ५. गंजाची चाचणी

या पायरीला दोन तास लागतात म्हणून सगळे ती गाळतात. गाळू नका, तुमच्या पाण्याला आणि तुमच्या तेलाला किती प्रमाण हवं ते यातूनच कळतं.

बिडाचा थोडा ताजा चुरा घ्या. जवळच्या वर्कशॉपमध्ये मूठभर कोणीही देईल. थिनरने धुऊन वाळवा. चार बशांत पांढरा टिपकागद किंवा कोरा कागद घाला, प्रत्येकावर चमचाभर चुरा पसरा. पहिल्यावर १:३० चं मिश्रण, दुसऱ्यावर १:२०, तिसऱ्यावर १:१५, चौथ्यावर १:१०. चुरा भिजेल इतकंच ओता, वर बशी झाका. दोन तासांनी चुरा झटकून कागद पाण्याखाली धरा आणि उजेडात बघा. गंजाचे तपकिरी ठिपके जिथे अजिबात नाहीत, त्यातलं सगळ्यात पातळ प्रमाण तुमचं. जून ते सप्टेंबर त्याहून एक पायरी घट्ट वापरा.

१:१० वरही ठिपके आले तर तेलाला दोष देऊ नका. पायरी २ वर परत जा, पाणी बदला.

## ६. मशीनवर सोडायचं कसं

टाकी, पंप, नळी हे सगळं बसवायचा मोह होतो. माझा सल्ला : पॉवर हॅक्सॉ सोडून घरच्या कुठल्याही मशीनला टाकी भरू नका. टाकीतलं कूलंट न चालता पडून राहतं, स्लाइडचं तेल त्यावर साय धरतं, खाली हवा लागत नाही आणि तिथे जिवाणू वाढतात. नासक्या अंड्याचा वास येतो तो त्यामुळेच.

शुद्ध तेलाला शिवणयंत्राच्या तेलाची कुपी किंवा लांब दांड्याचा ब्रश. सोल्युबलला स्प्रेची बाटली, आणि लांब टर्निंग असेल तर सलाइनचा सेट. मेडिकलमधून नवा सेट आणा, सुई काढून टाका, प्लास्टिकच्या बाटलीला जोडून मशीनच्या वर टांगा आणि नळीचं टोक टूल धरणाऱ्या टूलपोस्टला तारेने बांधा. चाकाने थेंब कमी-जास्त करता येतात. साधारण २० थेंबांना एक मिलिलिटर होतं, म्हणजे सेकंदाला एक थेंब सोडलात तर तासाला जेमतेम १८० मिलिलिटर जातं. टूलच्या धारेवर नेमकं पडतं, बेड भिजत नाही. शुद्ध तेल मात्र या नळीतून नीट उतरत नाही.

कार्बाइडचं (अतिकठीण टोकाचं) टूल असेल तर थेंब-थेंब नको. लाल तापलेल्या टोकावर मध्येच गार पाणी पडलं की त्याला बारीक तडे जातात. कार्बाइडला एकतर सलग धार, नाहीतर पूर्ण कोरडं. घरी कोरडंच सोपं.

सावधान : हॅक्सॉच्या टाकीला कूलरचा छोटा पंप वापरणार असाल तर त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच) हवाच. जॉब पकडून फिरणाऱ्या चकजवळ चिंधी किंवा हातमोजा नको. दाबाच्या हवेने धुकं उडवू नका, ते फुप्फुसात जातं.

## ७. काम संपल्यावरची दहा मिनिटं

सगळं बरोबर करूनही मशीन गंजतं ते इथे. ओल्या चिप्स, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, स्पंजसारखं कूलंट धरून ठेवतात. पाणी उडतं, क्षार राहतात, आणि चिप्सच्या ढिगाचा ठसा बेडवर उमटतो. एका वर्षी चतुर्थीच्या आदल्या रात्री मखराच्या पायांना भोकं पाडली आणि व्हाइस (जॉब पकडायचा शिकंजा) तशीच ड्रिलच्या टेबलावर ठेवून हात धुतले. गौरी-गणपती जाईपर्यंत तिकडे फिरकलो नाही. व्हाइस उचलली तेव्हा खाली तिचा तंतोतंत चौकोन, नारिंगी. तो अजून आहे.

क्रम असा ठेवा. मशीन बंद करून प्लग काढा. ब्रशने चिप्स काढा, हाताने नको, हवेनेही नको. टेलस्टॉक आणि कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) सरकवून त्यांच्या खालची जागा कोरड्या सुती कपड्याने पुसा, ओल तिथेच लपते. चकचे जबडे पूर्ण उघडून खाचा पुसा. व्हाइस टेबलावरून उचला. मग सगळ्या उघड्या लोखंडावर ६८ ग्रेडच्या स्लाइडवे ऑइलचा पातळ हात फिरवा. शेवटी कॅरेज एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.

लाइट गेली म्हणून काम अर्धवट सोडून उठलात तरी हे करायचं. पावसात लाइट कधी येईल त्याचा भरवसा नाही.

झाकायला प्लास्टिक नको, आत घाम धरतं. जुनी सुती चादर घाला. पावसाळ्यात चादरीखाली १५-२५ वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब ठेवला तर लोखंड हवेपेक्षा किंचित ऊबदार राहतं आणि दव धरत नाही. एलईडीने हे होणार नाही. बल्ब कापडाला आणि तेलकट चिंध्यांना लागणार नाही असा पिंजऱ्यात बसवा.

## ८. जुनं झालं की

हॅक्सॉच्या टाकीत पाणी उडून पातळी खाली आली तर नुसतं पाणी घालू नका, १:५० चं पातळ मिश्रण घाला. वर तरंगणारं तेल दर आठवड्याला वर्तमानपत्राचा कागद पसरून टिपून घ्या. वास आला की लोक डेटॉल, ब्लीचिंग पावडर घालतात. डेटॉलने वास चार दिवस दबतो, ब्लीचिंगने मशीन गंजतं. सोडियम नायट्राइट टाकायचा जुना सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कूलंटमधल्या अमाइनशी मिळून त्यापासून कर्करोगकारक पदार्थ तयार होतात. वास आलेलं कूलंट फेकायचंच, टाकी गरम पाण्याने घासून, पूर्ण वाळवून मगच नवं भरायचं.

फेकायचं, पण माडाच्या मुळात नाही आणि व्हाळात (ओढ्यात) तर नाहीच. जांभा सच्छिद्र आहे, आज परसात ओतलेलं उद्या विहिरीत उतरतं, आणि तेच पाणी तुम्ही पुढच्या कूलंटला काढणार. बादलीत थोडी तुरटी विरघळवून ढवळा आणि रात्रभर ठेवा, मिश्रण फाटून तेलकट साय वर येते. ती काढून जुन्या तेलाच्या कॅनमध्ये टाका. खालचं पाणी पसरट ट्रेमध्ये, गुरं आणि कोंबड्या पोचणार नाहीत अशा जागी, उन्हात आटवा. हे आगोटीच्या आत, मेपर्यंत उरकावं लागतं, एकदा पाऊस लागला की ट्रे भरतच राहतो. खाली राहिलेला गाळ आणि कॅनमधलं तेल जुनं ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे जातं. बहुतेक मोठ्या गॅरेजना त्याचा फोन माहीत असतो, तुमचा पाच लिटरचा कॅन त्यांच्या पिंपात घालायला ते सहसा नाही म्हणत नाहीत.